झोटेरोचं परीक्षण: संगणकशास्त्र, वनस्पतिशास्त्र आणि निर्यात-व्यवसाय एकाच संदर्भसूचीत

संदर्भ सांभाळणारी सॉफ्टवेअरं बरीच आहेत आणि एकाच विषयात काम करणाऱ्याला त्यांतलं जवळजवळ कुठलंही चालतं. त्याची नियतकालिकं ठरलेली असतात, नोंदींचे प्रकार ठरलेले असतात, संदर्भ छापण्याची शैलीही बहुधा एकच असते. तीन विषय एका प्रबंधात आले की मात्र सॉफ्टवेअरचे कच्चे दुवे बाहेर पडतात. उदाहरण घेऊ नाशिक-सांगलीच्या द्राक्षाचं. पानाच्या फोटोवरून केवडा हा द्राक्षाचा रोग ओळखणारं मॉडेल हा एक भाग, केवड्याची बुरशी आणि वेलीची प्रतिकारशक्ती हा दुसरा, आणि युरोपात माल उतरवताना लागणारे कीडनाशक-अवशेषांचे नियम हा तिसरा. २०१०मध्ये वेलीची वाढ आवरणाऱ्या क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या अवशेषांवरून भारतीय द्राक्षांच्या खेपा युरोपात अडकल्या, तेव्हापासून हे तीन धागे वेगळे ठेवून या पिकावर नीट लिहिताच येत नाही. पहिल्या भागाचे संदर्भ परिषदांच्या कार्यवृत्तांत आणि प्रीप्रिंटमध्ये (छापण्याआधीच खुल्या केलेल्या लेखांत), दुसऱ्याचे नियतकालिकांत आणि शंभर वर्षं जुन्या वनस्पतिग्रंथांत, तिसऱ्याचे अहवाल, नियमनं आणि व्यवसाय-केसमध्ये, म्हणजे एखाद्या कंपनीच्या प्रसंगावरच्या अभ्यासटिपणांत. संदर्भ सांभाळणारं झोटेरो हे सॉफ्टवेअर हे सगळं कसं पेलतं, ते या परीक्षणात पाहिलं आहे.

निकाल आधीच सांगतो: अशा मिश्र कामासाठी आज झोटेरोच घ्यावं. फक्त एक लक्षात ठेवावं लागतं. नोंद शिरते तेव्हाच तिची साफसफाई केली नाही, तर शेवटच्या महिन्यात संदर्भसूची हाताने दुरुस्त करत बसावं लागतं, आणि तेव्हा दोष सॉफ्टवेअरला दिला जातो.

हे कुणाचं आहे आणि त्याने काय फरक पडतो

झोटेरो २००६मध्ये अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातल्या जॉर्ज मेसन विद्यापीठाच्या इतिहास आणि नवमाध्यम केंद्रात तयार झालं, तेव्हा ते फायरफॉक्स ब्राउझरचं विस्तारक होतं. आता ते विंडोज, मॅक आणि लिनक्सवर स्वतंत्र चालतं, आणि एक ना-नफा संस्था ते सांभाळते. सोर्स कोड खुला आहे. २००८मध्ये एंडनोट या प्रतिस्पर्धी सॉफ्टवेअरच्या तेव्हाच्या मालक कंपनीने, थॉमसन रॉयटर्सने, एंडनोटच्या शैली-फायली झोटेरोत वाचता येतात या कारणावरून विद्यापीठावर खटला भरला होता. २००९मध्ये तो न्यायालयात निकाली निघाला आणि झोटेरो टिकलं.

हा इतिहास सांगण्याचं कारण पीएचडीचा काळ. पाच-सहा वर्षं चालणाऱ्या कामाचे संदर्भ कुठल्या फायलीत आहेत आणि ती फाइल उद्या दुसऱ्या कुणाला उघडता येईल का, हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारायला हवा. झोटेरोचा सगळा डेटा ‘झोटेरो’ नावाच्या एका फोल्डरमध्ये असतो: एक एसक्यूलाइट डेटाबेस आणि पीडीएफ ठेवणारं ‘स्टोरेज’ हे उपफोल्डर. मेंडेली हे असंच दुसरं सॉफ्टवेअर २०१३मध्ये एल्सव्हिअर या प्रकाशन कंपनीकडे गेलं, आणि २०१८मध्ये त्याच्या डेस्कटॉप आवृत्तीने वापरकर्त्याच्या स्वतःच्याच संगणकावरचा डेटाबेस कूटबद्ध केला. त्यामुळे बाहेर पडू पाहणाऱ्यांची मोठी अडचण झाली. मेंडेलीमधून यायचं असेल, तर आता झोटेरोतच ऑनलाइन खात्यातून आयात करण्याची सोय आहे. फोल्डर आणि पीडीएफ त्यातून येतात. एंडनोट विकत घ्यावं लागतं. विद्यापीठाने परवाना घेतला असेल, तर वैद्यकीय किंवा शुद्ध जीवशास्त्रीय गटांना ते ठीक चालतं, पण पदवी मिळाल्यावर परवाना संपतो.

नोंद आत घेताना

तीन वाटा आहेत. ब्राउझरमधलं कनेक्टर हे विस्तारक, जादूच्या कांडीचं बटण, आणि पीडीएफ ओढून सोडणं. भरवशाचा क्रमही हाच.

कनेक्टर प्रकाशकाच्या मूळ पानावर वापरावं. गूगल स्कॉलरच्या यादीतून सरळ नोंदी उचलायची सवय बहुतेकांना असते आणि निम्मे घोळ तिथेच सुरू होतात: नियतकालिकाचं नाव अर्धवट, डीओआय (लेखाचा कायमचा ओळखक्रमांक) गायब, लेखकांची फक्त आद्याक्षरं, सारांश नाही. शिवाय एकदम बऱ्याच नोंदी घेतल्या की गूगल ‘तुम्ही यंत्रमानव आहात का’ असं विचारून वाट अडवतं. स्कॉलरवर शोधा, पण नोंद घ्यायला लेखाच्या पानावर जा.

जादूच्या कांडीत डीओआय, आयएसबीएन, पबमेड या वैद्यकीय-जैविक लेखसूचीचा क्रमांक किंवा आर्काइव्ह या प्रीप्रिंट-भांडाराचा क्रमांक टाकता येतो. एकाच वेळी अनेक क्रमांक ओळीने चिकटवले तरी चालतं. एखाद्या आढावा लेखाच्या संदर्भसूचीतले तीस-चाळीस डीओआय एकत्र चिकटवून सगळं पूर्वसाहित्य एका झटक्यात आत घेणं हे झोटेरोचं सर्वात वेळ वाचवणारं काम आहे.

पीडीएफ ओढून सोडली की झोटेरो तिच्या पहिल्या काही पानांतला मजकूर वाचून लेख ओळखू पाहतं. मजकूरच नसेल, म्हणजे नुसतं स्कॅन असेल, तर ते ओळखत नाही. कृषी विद्यापीठांचे जुने अहवाल आणि सत्तरच्या दशकातले लेख असेच असतात. त्यांची नोंद हाताने करून पीडीएफ त्या नोंदीवर ओढावी.

‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही नियतकालिकांच्या सदस्यत्वाची सरकारी योजना जानेवारी २०२५पासून सुरू झाल्यावर सरकारी संस्थांतल्या बऱ्याच जणांना महागडी नियतकालिकं उघडू लागली आहेत. इथे एक बारकावा आहे. झोटेरोमधली ‘फाइंड फुल टेक्स्ट’ ही आज्ञा ब्राउझरमधलं तुमचं लॉगिन वापरत नाही. ती मुख्यतः मुक्त प्रवेशाच्या प्रती शोधून आणते. सदस्यत्वाची पीडीएफ हवी असेल, तर ब्राउझरमध्ये लॉगिन करून, लेख उघडून, कनेक्टरनेच घ्या. ‘पीडीएफ मिळत नाही’ ही तक्रार बहुतेक वेळा एवढ्यावरच सुटते.

सेटिंगमध्ये जाऊन आपोआप लागणारे टॅग पहिल्याच दिवशी बंद करा. पबमेडमधून एक लेख घेतला की दहा-पंधरा विषय-शीर्षकं टॅग म्हणून चिकटतात. पाचशे लेखांनंतर टॅगच्या पट्टीत आपण स्वतः लावलेला टॅग सापडेनासा होतो.

वनस्पतिशास्त्राच्या नोंदी

इथे सगळ्यात जास्त काम शीर्षकावर करावं लागतं. प्रजातीचं नाव तिरप्या अक्षरांत हवं आणि क्रॉसरेफ या डीओआय-नोंदणी संस्थेकडून आलेल्या नोंदीत ते कधी तिरपं येतं, कधी साधं, तर कधी टॅग गळून पडल्यामुळे ‘व्हायटिस व्हिनिफेरा’ हे द्राक्षाचं नाव मागच्या-पुढच्या शब्दांना चिकटून येतं. शीर्षकाच्या रकान्यात एचटीएमएलचा तिरप्या अक्षरांचा टॅग नावाच्या आधी आणि नंतर घातला, की वर्डमध्ये नाव बरोबर छापलं जातं. ग्रंथाचं पूर्ण शीर्षकच तिरप्या अक्षरांत छापणाऱ्या शैलीत प्रजातीचं नाव उलट सरळ होतं. ते बरोबरच आहे, चूक समजून ‘दुरुस्त’ करू नका.

दुसरी गोष्ट मोठ्या-लहान इंग्रजी अक्षरांची. शीर्षकं नेहमी वाक्यासारखी साठवा: पहिलं अक्षर मोठं, विशेषनामं मोठी, बाकी लहान. झोटेरो अशा शीर्षकावरून प्रत्येक शब्द मोठ्या अक्षराने सुरू होणारी शैली बनवू शकतं; उलट्या दिशेने ते जमत नाही, कारण कुठला शब्द विशेषनाम आहे हे त्याला कळायला मार्ग नसतो. शीर्षकावर उजवी टिचकी मारून ‘ट्रान्सफॉर्म टेक्स्ट’मध्ये ‘सेंटेन्स केस’ निवडलं की झालं, पण त्यानंतर शीर्षक एकदा वाचाच. प्रजातीचं पहिलं नाव, जनुकांची नावं, ‘थॉम्पसन सीडलेस’सारखी वाणांची नावं यांची मोठी अक्षरं या रूपांतरात हरवू शकतात. केवड्याच्या बुरशीचं नाव ‘प्लाझ्मोपारा’ लहान अक्षराने छापलं गेलं, तर वनस्पतिरोगशास्त्राच्या परीक्षकाची नजर पहिल्यांदा तिथेच जाते.

नियतकालिकांच्या नावांचे संक्षेप हा तिसरा मुद्दा. काही नियतकालिकं पूर्ण नाव मागतात, काही संक्षिप्त. वर्डमधल्या ‘डॉक्युमेंट प्रेफरन्सेस’मध्ये मेडलाइन या वैद्यकीय लेखसूचीचे संक्षेप वापरण्याचा पर्याय आहे आणि आंतरराष्ट्रीय नियतकालिकांना तो पुरतो. भारतातली बरीच कृषी नियतकालिकं मेडलाइनच्या यादीत नाहीत. त्यांच्यासाठी तो पर्याय बंद करून, नोंदीतल्या संक्षेपाच्या रकान्यात स्वतः भरावं. एकच नियतकालिक तीन प्रकारे लिहिलेलं सापडतं, म्हणून नावाप्रमाणे क्रम लावून एकदा सगळी यादी डोळ्याखालून घाला.

जुन्या ग्रंथांसाठी ‘एक्स्ट्रा’ हा रकाना कामाला येतो. थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात भागाभागांत निघाला आणि पुढे भारतीय वनस्पती सर्वेक्षणाने त्याचं पुनर्मुद्रण केलं. हातात असते ती पुनर्मुद्रित प्रत, पण वाचकाला मूळ वर्षही कळायला हवं. ‘एक्स्ट्रा’मध्ये मूळ प्रकाशनवर्षाचा चल, म्हणजे त्या माहितीचं ठरलेलं नाव, लिहून पुढे वर्ष टाकलं, की एपीएसारख्या (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या) शैली दोन्ही वर्षं छापतात. जीबिफ या जागतिक जैवविविधता-डेटाभांडारावरून प्रजाती-नोंदींचा डेटा उतरवला असेल, तर त्या प्रत्येक उतरवणीला स्वतंत्र डीओआय मिळतो. तो डेटासेट प्रकारच्या नोंदीत ठेवा. नुसता संकेतस्थळाचा पत्ता दिला, तर कुठल्या तारखेचा, कुठल्या गाळणीतून आलेला डेटा होता हे पुढच्या माणसाला कळत नाही.

संगणकशास्त्राच्या नोंदी

या विषयातली मोठी चूक म्हणजे प्रीप्रिंटचाच संदर्भ देत राहणं. लेख आर्काइव्हवर आधी येतो, मग परिषदेत छापला जातो, आणि लायब्ररीत मात्र पहिलीच नोंद राहून जाते. झोटेरोत प्रीप्रिंट हा वेगळा प्रकार आहे, म्हणून प्रबंध पूर्ण करण्याआधी डाव्या बाजूला एक ‘सेव्ह्ड सर्च’ बनवा: प्रकार प्रीप्रिंट. त्यात येणारा प्रत्येक लेख डीबीएलपी या लेखसूचीवर शोधा. छापील रूप सापडलं तर ती नोंद घ्या आणि जुन्या नोंदीतले रकाने बदला. जुनी नोंद पुसून टाकू नका, कारण वर्डमधला संदर्भ तिलाच जोडलेला असतो. संगणकशास्त्राच्या नोंदींसाठी डीबीएलपी हा सर्वात स्वच्छ स्रोत आहे आणि तिथून परिषदेचं नाव, पृष्ठं, वर्ष सगळं सुसूत्र येतं.

परिषदेच्या लेखात ‘प्रोसीडिंग्ज टायटल’ आणि ‘कॉन्फरन्स नेम’ असे दोन रकाने असतात. बहुतेक शैली पहिला छापतात. तो रिकामा राहिला, तर संदर्भात लेख कुठे आला हेच दिसत नाही. स्प्रिंगरच्या व्याख्यान-टिपणांच्या मालिकेतले लेख कधी परिषदेचा लेख म्हणून तर कधी ग्रंथातलं प्रकरण म्हणून आत येतात. एकाच प्रबंधात दोन्ही प्रकार झाले की संदर्भसूची विस्कळीत दिसते, तेव्हा एक प्रकार ठरवून सगळ्या नोंदी त्यात आणा. मॉडेलचा कोड आणि पानांच्या फोटोंचा संच यांनाही स्वतंत्र नोंद द्या: कोडला सॉफ्टवेअर प्रकार आणि आवृत्ती क्रमांक, फोटोंना डेटासेट.

लॅटेकमध्ये (आज्ञा लिहून दस्तऐवज मांडणाऱ्या प्रणालीत) लिहिणाऱ्यांनी ‘बेटर बिबटेक’ हे प्लगइन बसवल्याशिवाय पुढे जाऊ नये. झोटेरोची स्वतःची बिबटेक, म्हणजे लॅटेकला लागणाऱ्या संदर्भ-फायलीची, निर्यात चालते, पण प्लगइन दोन गोष्टी फार नीट करतं. एक, प्रत्येक नोंदीला आपण ठरवलेल्या साच्याची ‘साइट की’, म्हणजे लिहिताना संदर्भासाठी टाकायची खूण, देतं. दोन, निर्यातीच्या वेळी ‘कीप अपडेटेड’वर खूण केली, की लायब्ररीत बदल झाल्यावर बिब फाइल आपोआप नवी होते. लिखाण सुरू झाल्यावर साइट की बदलू देऊ नका; झोटेरो ७ वर ती पिन करून ठेवता येते. की बदलली की लॅटेकच्या पीडीएफमध्ये संदर्भाच्या जागी प्रश्नचिन्ह उमटतं, आणि परीक्षकाच्या हाती पडेपर्यंत ते कधीकधी कुणाला दिसत नाही. शीर्षकात घातलेले तिरप्या अक्षरांचे टॅग हे प्लगइन लॅटेकच्या आज्ञेत बदलून देतं, त्यामुळे वनस्पतिशास्त्राच्या नोंदींवर केलेली मेहनत इकडेही लागू पडते. ओव्हरलीफ या ऑनलाइन लॅटेक-संपादकात झोटेरो थेट जोडता येतं, मात्र ती सोय ओव्हरलीफच्या पैसे भरून घेतलेल्या योजनेत आहे. फुकट खात्यावर बिब फाइल हाताने चढवली तरी काम होतं.

व्यवसाय-व्यवस्थापनाच्या नोंदी

या भागात नोंदीचा प्रकार चुकण्याचं प्रमाण सर्वाधिक. व्यवसाय-केस घेताना लोक ‘केस’ हा प्रकार निवडतात. झोटेरोतला ‘केस’ म्हणजे न्यायालयीन खटला! तो प्रकार लावला की संदर्भ खटल्यासारखा छापला जातो, लेखकाचं नाव जागेवरून हलतं. व्यवसाय-केससाठी ‘रिपोर्ट’ घ्या, केस-क्रमांक रिपोर्टच्या क्रमांकात, प्रकाशक संस्थेच्या रकान्यात. युरोपीय संघाचं अवशेष-मर्यादांचं नियमन, म्हणजे २००५ सालचं ३९६ क्रमांकाचं, ‘स्टॅट्यूट’मध्ये टाकलं तर एपीए शैली ते अमेरिकी कायद्याच्या धाटणीने मांडते. अशा दोन-चार नोंदी शेवटी हाताने तपासणं क्रमप्राप्त आहे.

संस्था लेखक असेल, तर नावाच्या रकान्याशेजारचं बटण दाबून दोन रकान्यांचा एक करा. ते केलं नाही की वर्ल्ड बँकेचं ‘बँक, डब्ल्यू.’ होतं. अपेडा (कृषी-निर्यात प्राधिकरण), डब्ल्यूटीओ (जागतिक व्यापार संघटना), अंक्टाड (संयुक्त राष्ट्रांची व्यापार-विकास संस्था), रिझर्व्ह बँक या सगळ्यांना हे लागू. संस्थेचं नाव एकदा ठरवा, संक्षेप किंवा पूर्ण, आणि सगळीकडे तेच ठेवा. नाहीतर संदर्भसूचीत अपेडाचे दोन वेगळे लेखक होतात.

आता पाटलांचा प्रश्न. एपीएच्या सातव्या आवृत्तीत, म्हणजे २०१९पासून, तीन किंवा अधिक लेखक असतील तर पहिल्याच उल्लेखात पहिलं आडनाव आणि ‘इत्यादी’ एवढंच येतं. पण एकाच आडनावाचे दोन वेगळे पहिले लेखक असले की शैली आडनावाच्या आधी आद्याक्षर घालते. द्राक्षावरच्या साहित्यात पाटील, जाधव, शिंदे, पवार ढिगाने सापडतात, त्यामुळे आद्याक्षरं येणं स्वाभाविक आहे. घोळ होतो तो एकच व्यक्ती एका नोंदीत ‘एस. पाटील’ आणि दुसऱ्या नोंदीत ‘एस. बी. पाटील’ असली की. झोटेरोला ती दोन माणसं वाटतात आणि मजकुरात विनाकारण आद्याक्षरं दिसू लागतात. उपाय एकच: लेखकाच्या नावाप्रमाणे क्रम लावून नावं एकसारखी करा. दक्षिणेकडच्या लेखकांच्या नोंदीत तर आद्याक्षरच आडनावाच्या रकान्यात येऊन बसतं. तेही याच फेरीत पकडा.

‘हार्वर्ड’ शैली मागितली असेल, तर विद्यापीठाला नेमकं कुठलं हार्वर्ड हवं आहे हे लेखी विचारून घ्या. झोटेरोच्या शैली-भांडारात दहा हजारांहून जास्त शैली आहेत आणि हार्वर्ड नावाच्याच डझनावारी निघतील.

मराठी नोंदी

शोधगंगा या भारतीय प्रबंध-भांडारावरचे प्रबंध कनेक्टरने आत येतात, पण नोंदीचा प्रकार ‘थीसिस’ झाला आहे का, विद्यापीठाचं नाव योग्य रकान्यात आहे का आणि वर्ष प्रबंधाचं आहे की अपलोडचं, एवढं पाहावंच. तिथे प्रकरणागणिक वेगळी पीडीएफ असते. सगळ्या एका नोंदीखाली जोडा, प्रत्येकाची वेगळी नोंद करू नका.

देवनागरीत टाइप केलेलं शीर्षक आणि नाव झोटेरो व्यवस्थित साठवतं, शोधतंही. अडचण छापताना येते. एका दस्तऐवजाला एकच भाषा लागते, म्हणून इंग्रजी प्रबंधात मराठी लेखकांच्या मध्येही इंग्रजी ‘अँड’चं चिन्ह येतं. नावाचं आद्याक्षर करण्याचे नियम रोमन लिपी समोर ठेवून बनले आहेत, ते देवनागरी नावांना नीट लागत नाहीत. मराठी संदर्भ पाच-दहा असतील तर सूची पूर्ण झाल्यावर हाताने दुरुस्त करणं सोपं पडतं. संपूर्ण प्रबंधच मराठीत असेल, तर नावं एका रकान्याच्या पद्धतीत, जशी छापून हवीत तशीच लिहून ठेवणं जास्त भरवशाचं. इंग्रजी प्रबंधातल्या मराठी नोंदीच्या भाषेच्या रकान्यात मराठी नोंदवायलाही विसरू नका.

आणखी एक गोष्ट महाराष्ट्रातल्या संशोधकांना पदोपदी भेटते. जुने मराठी प्रबंध आणि अहवाल श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये आहेत. पडद्यावर मराठी दिसतं, पण ओळ रंगवून टिपण बनवलं की त्या टिपणात रोमन अक्षरांची खिचडी उतरते, शोधही लागत नाही. अशा पीडीएफमध्ये ओळ रंगवण्याऐवजी चौकट आखून चित्र घ्या आणि खाली स्वतः टाइप करा.

वाचणं आणि वर्डमध्ये लिहिणं

२०२२च्या सहाव्या आवृत्तीपासून पीडीएफ झोटेरोतच वाचता येते आणि २०२४च्या सातव्या आवृत्तीपासून ईपब आणि जतन केलेली वेबपानंही. रंगवलेल्या ओळींचं टिपण एका आज्ञेत बनतं आणि प्रत्येक ओळीमागे पृष्ठक्रमांकासह संदर्भ येतो. तेच टिपण वर्डमध्ये घातलं की संदर्भ जिवंत राहतात. ही सोय इतकी चांगली आहे की केवळ तिच्यासाठी झोटेरो घ्यावं. एवढंच लक्षात असू द्या की खुणा डेटाबेसमध्ये राहतात, पीडीएफ फायलीत उतरत नाहीत. मार्गदर्शकांना खुणांसह प्रत पाठवायची असेल तर पीडीएफ झोटेरोमधून निर्यात करूनच पाठवा.

वर्डमध्ये छापून आलेल्या संदर्भात हाताने अक्षर बदलू नका. बदललं की झोटेरो विचारतं आणि ‘ठेवा’ म्हटलं तर तो संदर्भ पुढे कधीच ताजा होत नाही. पृष्ठक्रमांक, ‘उदाहरणार्थ’सारखे पुढचे शब्द, लेखकाचं नाव वगळणं, हे सगळं संदर्भावर टिचकी मारून उघडणाऱ्या खिडकीतून करता येतं. दोनशे पानांच्या प्रबंधात प्रत्येक संदर्भ घालताना वर्ड रेंगाळू लागतं. तेव्हा आपोआप ताजं होणं बंद करा आणि दिवसाच्या शेवटी एकदा ‘रिफ्रेश’ करा.

गूगल डॉक्समध्ये लिहून शेवटी वर्डमध्ये जायचं असेल, तर फाइल नुसती डाउनलोड करू नका. डॉक्समधल्या झोटेरो मेन्यूच्या प्रेफरन्सेसमध्ये दुसऱ्या वर्ड प्रोसेसरकडे जाण्याचा पर्याय आहे, तो वापरा, मग डाउनलोड करा. सरळ डाउनलोड केलेल्या फायलीत संदर्भ मृत मजकूर होतात आणि पुन्हा एकेक घालावे लागतात.

मागे घेतलेल्या लेखांची सूचना हे आणखी एक मोलाचं काम. रिट्रॅक्शन वॉचच्या माहितीशी झोटेरो तुमची लायब्ररी ताडून पाहतं आणि लेख मागे घेतला गेला असेल तर नोंदीवर लाल खूण येते, वर्डमध्ये तो संदर्भ घालतानाही इशारा मिळतो. हे फुकट मिळतं याचं मनापासून कौतुक वाटतं.

गटाने वापरताना, आणि साठवण

तिघांनी मिळून लिहायचं तर खासगी ग्रुप लायब्ररी उघडा आणि पहिल्या दिवशी एक नियम करा: हस्तलिखितात संदर्भ फक्त ग्रुपमधूनच घालायचे. आपल्या लायब्ररीतून ग्रुपमध्ये ओढलेली नोंद ही नवी प्रत असते. एकाने आपल्या लायब्ररीतून आणि दुसऱ्याने ग्रुपमधून तोच लेख घातला, की संदर्भसूचीत तो दोनदा येतो, आणि वर्षाला ‘ए’, ‘बी’ चिकटतं.

दुहेरी नोंदी ‘डुप्लिकेट आयटम्स’मध्ये दिसतात. त्या मर्ज (एकत्र) करा, एक पुसू नका. मर्ज केलं की वर्डमधले जुने संदर्भ उरलेल्या नोंदीकडे वळतात. पुसलं की अनाथ होतात. आणि इथेच झोटेरोचा सगळ्यात मोठा तोटा आहे: मर्ज एकेक करावं लागतं. स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स या लेखसूचींमधून हजारो नोंदी आणून पद्धतशीर आढावा घ्यायचा असेल, तर हे काम कंटाळवाणं आणि चुका घडवणारं होतं. त्यासाठी रय्यानसारखं गाळणीचं साधन वापरून, निवडलेले लेखच झोटेरोत आणा.

साठवणीचे दर असे: ३०० एमबी फुकट, २ जीबीला वर्षाला २० डॉलर, ६ जीबीला ६०, अमर्याद साठवणीला १२०. ही मर्यादा फक्त फायलींना आहे. नोंदी कितीही असल्या तरी त्यांचं सिंक फुकट. लेखाची पीडीएफ सरासरी दोन एमबी धरली तर ३०० एमबीत दीडशे लेख मावतात, म्हणजे पीएचडीच्या पहिल्या वर्षाचेच. वैयक्तिक लायब्ररीसाठी फायली स्वतःच्या वेबडॅव्ह (सर्व्हरवर फायली ठेवण्याची एक पद्धत) जागेवर ठेवता येतात. संस्थेत नेक्स्टक्लाउडसारखी स्वतःची साठवण-सेवा असेल तर विचारा. गूगल ड्राइव्ह वेबडॅव्ह देत नाही. ग्रुप लायब्ररीला वेबडॅव्ह चालत नाही आणि ग्रुपमधल्या फायली मालकाच्या जागेत मोजल्या जातात, म्हणून गटाने २० डॉलर वाटून भरणं सर्वात सरळ.

झोटेरोचं डेटा-फोल्डर ड्रॉपबॉक्स, वनड्राइव्ह किंवा गूगल ड्राइव्हच्या फोल्डरमध्ये कधीही ठेवू नका. दोन संगणकांवर एकाच वेळी उघडलं किंवा अर्धवट सिंक झालं की डेटाबेस बिघडतो. सिंकला बॅकअपही समजू नका; एका ठिकाणी पुसलेली नोंद सगळीकडून पुसली जाते. महिन्यातून एकदा झोटेरो बंद करून संपूर्ण फोल्डर बाहेरच्या डिस्कवर उतरवा. निर्यात करून पुन्हा आयात करणं हा बॅकअपचा मार्ग नाही, कारण आयात झालेल्या नोंदी नव्या समजल्या जातात आणि वर्डमधले दुवे तुटतात.

प्रबंध सादर करताना फायलीची प्रत काढा, मूळ फाइल बाजूला ठेवा, आणि प्रतीमध्येच ‘अनलिंक सायटेशन्स’ करा, म्हणजे संदर्भांचा झोटेरोशी दुवा तोडा. हाताने करायच्या सगळ्या दुरुस्त्या, म्हणजे मराठी नावांमधलं ‘अँड’चं चिन्ह आणि युरोपीय नियमनाची मांडणी, त्यानंतरच करा. अनलिंक केलेली फाइल पुन्हा जोडता येत नाही, आणि परीक्षकांनी सुचवलेले बदल करायचे असतात ते मूळ फायलीतच.